सात इंचांवरचा हात

काल सकाळी कोठीचा भोंगा वाजला आणि यंदाचा कूप सुरू झाला. साखरेच्या इस्टेटीला आम्ही कोठी म्हणतो आणि ऊसतोडणीच्या दिवसांना कूप. आमची माणसं कोकणातून इथे मॉरिशसला ऊस तोडायला आली तेव्हापासून हे दोन शब्द घरात आहेत, बाकीचे कितीतरी वाटेत गळून गेले. भोंगा वाजला तेव्हा मी एका ब्लाउजला बाही लावत होते. मशीन थांबवलं, उठून दार उघडलं, आणि रोझ बेलच्या ओल्या गार वाऱ्याबरोबर मळीचा वास आत आला. गोड, थोडा आंबट, घशात बसणारा. बाहेरदेशी गेलेली मंडळी पत्रात या वासाची आठवण काढतात. मला तो मुळीच आवडत नाही. तरी दरवर्षी तो आला की मी दारात जाऊन उभी राहते.

ऊस उभा असतो तेव्हा आमचं गाव लहान असतं. दोन्ही अंगांनी हिरव्या भिंती आणि मध्ये गल्लीएवढं आभाळ. शेजारणीचं घर चार हातांवर असलं तरी दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. मग कूप येतो, कोयते चालतात, ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर गिरणीकडे जातात, आणि एके दिवशी अचानक सगळं उघडं पडतं. डोंगर दिसतो, दगडांच्या राशी दिसतात, लांबच्या घरातलं वाळत घातलेलं धुणं दिसतं. आणि कोठीचा तो सरळ रस्ता दिसतो. या वेड्यावाकड्या बेटावर सरळ रस्ता मिळणं कठीण, पण आमच्या मागचा हा अर्धा मैल सुईत ओवलेल्या दोऱ्यासारखा सरळ आहे. रविवारी गिरणीच्या गाड्या बंद. दोन्हीकडचा ऊस कापलेला, म्हणजे आडवं येणारं माणूस, गाय, सायकल लांबूनच दिसणार. शर्यतींचा हंगाम तेवढाच असायचा, कापणीपासून नवा ऊस गुडघ्याच्या वर जाईपर्यंत.

शर्यत म्हणजे काय, तर दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, मध्ये एक माणूस लाल कापड घेऊन उभा राहणार, त्याने कापड खाली टाकलं की सुटायचं आणि पाव मैल नाकासमोर जायचं. वळण नाही, फेरा नाही, सतरा-अठरा सेकंदांत खेळ खलास. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हटलं, एवढ्यासाठी सकाळपासून गाडीखाली लोळत होतात? स्वयंपाकघरात फोडणी तडतडायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो.

आमचे हे, म्हणजे रघुनाथ, कोठीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. मी त्यांना नावाने कधी हाक मारली नाही, इथे एकदा लिहिलं तेच पुष्कळ झालं. त्यांनी मोडीतून एक छोटी मोटार उभी केली होती. अंग निळं, डावा दरवाजा हिरवा, कारण निळा मिळालाच नाही. तिच्याहून चपळ गाड्या इथे खूप होत्या. पण पुष्कळदा हीच पुढे जायची, आणि लोक बॉनेट उघडून आत काय दडवलंय ते शोधायचे.

"आत काय नाय," हे मला म्हणायचे. "पळायला काय गो, कुणाची पन पळते. सुटते कशी, ता बघ."

सुटण्याचं त्यांचं शास्त्र होतं. आधी जागा झाडायची. कूपात रस्त्यावर उसाचं वाळलेलं पाचट पसरलेलं असतं, ते चाकाखाली आलं की चाक जागच्या जागी फिरतं. म्हणून घरचा खराटा गाडीत घालून न्यायचे आणि शर्यतीआधी आपल्या बाजूची दहा पावलं जमीन झाडून काढायचे. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, मी दुसरीकडे बघायची. मग हाताचा ब्रेक ओढायचा, क्लच इतकाच सोडायचा की गाडीचं नाक किंचित उचललं जाईल, आणि इंजिनाचा आवाज एका ठरावीक सुरावर धरायचा. गाडीला इंजिनाचे फेरे मोजायचा काटा नव्हता. मग सूर कसा सापडायचा? आमच्या घरात भजनाची पेटी होती. अंगणात गाडी चालू करून ठेवायची आणि मी ओट्यावर बसून पेटीवरची एकच खालची पट्टी दाबून धरायची. हे पायाने आवाज चढवत, उतरवत त्या पट्टीशी नेऊन मिळवायचे. मिळाला की दोन्ही आवाज एक व्हायचे आणि माझ्या मांडीखालचा ओटासुद्धा गुणगुणायचा.

शेजारची म्हातारी एकदा कुंपणापाशी येऊन विचारती झाली, "गाडीला भजान शिकवतेस काय गो?"

"हो," मी म्हटलं, "माणसं येत नाहीत शिकायला."

शर्यतीच्या रेषेवर पेटी नसायची, तेव्हा हे तो सूर नाकात धरून बसायचे. मी रस्त्याच्या कडेला उभी असायची आणि एवढ्या गलक्यात मला तो ऐकू यायचा. आला की समजायचं, आता कापड पडलं तरी चालेल.

उरला हात. कापड पडलं की डाव्या हाताच्या अंगठ्याने ब्रेकच्या दांड्याचं बटण दाबायचं आणि दांडा खाली सोडायचा. जो आधी सोडेल तो पुढे, एवढंच. कापड टाकायचं काम गास्तोंचं. गास्तों कोठीची लॉरी चालवायचा, जातीने क्रेओल, पण आमच्याच आळीत वाढलेला. मराठी सगळी कळते, बोलायची वेळ आली की क्रेओलमध्ये, इथल्या फ्रेंच वळणाच्या बोलीत, शिरतो. त्याच्या हातातलं लाल कापड माझ्याच एका जुन्या परकराचं होतं, टीप मीच घातलेली. कापडाकडे बघणारा उशीर करतो, हे यांनी ओळखलं होतं. गास्तोंचं कोपर कापडाच्या आधी हलतं. ही गोष्ट त्यांनी जगात फक्त मला सांगितली होती.

आणि हाताला शिकवायला माझी फूटपट्टी होती, कापडं बेतायची, लाकडी, बारा इंची. कुठल्याशा फ्रेंच मासिकात त्यांनी ती युक्ती पाहिली होती. संध्याकाळी कामावरून आले, चहा झाला, की डावं कोपर टेबलाच्या कडेवर टेकवायचं, अंगठा आणि शेजारचं बोट इंचभर उघडं ठेवायचं. मी पट्टी वरून धरायची, शून्याची बाजू त्यांच्या चिमटीत. न सांगता सोडायची. त्यांनी पकडायची. बोट जिथे बसेल तो आकडा, जितका कमी तितका हात चपळ.

"किती?"

"सात."

"परत."

"सात."

"परत."

"साडेसहा! अहो, साडेसहा!"

"ता नको," हे पट्टी परत माझ्या हातात द्यायचे. "साडेसहा आपोआप आला. सात माझा हाय. माना सात पायजे, धा वेळा सोडलीस तर धा वेळा."

मला हे अजब वाटायचं. माणसाला जास्त चांगलं मिळालं तर तो घेतो, हे परत करत होते. पुढे कळलं की वर्कशॉपातही ते असेच होते, बोल्ट आवळायचा तर एकाच जोराने, शंभर असले तरी. त्या माणसाला नशिबाची चीड होती.

पट्टी सोडायला मी सुरुवातीला नालायक होते. "तू फुगतेस," ते म्हणाले. खरंच, सोडायच्या आधी माझा श्वास आत जायचा आणि त्यांना कळायचं. माझं तोंड असंच आहे, घरात साखर संपली तरी गल्लीत कळतं. मग मी शिकले. पट्टी धरून दुसराच विचार करायचा. मोंतान्य ब्लांशला माझं माहेर, तिथल्या वाटेवरची घरं एकेक करून मनात मोजायची आणि मध्येच कुठेतरी बोटं उघडायची. चेहऱ्यावर काही नाही, छातीत काही नाही. महिनाभराने हे म्हणाले, "आता तू दगड झालीस." इतकं कौतुक त्यांनी माझ्या स्वयंपाकाचंही कधी केलं नव्हतं.

गेल्या रविवारी गास्तों आला होता. केस पांढरे झाले, पोट सुटलं, लॉरी सोडली, पण रविवारचं कापड सोडलेलं नाही. आता पोरं मोटारसायकली आणतात, कानठळ्या बसवणाऱ्या. "मादाम रघू, की मान्येर?" म्हणत कशी आहेस विचारलं आणि कापडाची टीप उसवली होती ती घालायला दिली. मी घालून दिली. तो टोपी हातात फिरवत बसला. मग म्हणाला, "ही पोरं जागा झाडत नाहीत." मी म्हटलं, "हो का." आम्ही त्यांच्याविषयी बोलतो ते असंच, खराट्यावरून, कापडावरून.

दहा वर्षांपूर्वीचा तो कूप. सत्तरचं दशक संपत आलेलं, पाऊस बेताचा, ऊस उंच. सुरुवातीच्या आठवड्यातच मी म्हटलं, "आठ."

"परत."

"साडेआठ."

त्यांनी पट्टी हातात घेऊन उजेडात फिरवली. "गुळगुळीत झाली हाय," म्हणाले आणि काचकागदाने घासली. पुढच्या आठवड्यात नऊ. तेव्हा थंडीला दोष दिला. रोझ बेलची जुलैची थंडी बोटांत शिरते हे काही खोटं नाही. मोहरीचं तेल कोमट करून मी त्यांचा पंजा चोळला. शर्यतीतही गाडी उशिरा सुटू लागली, एकदा अर्ध्या गाडीने, एकदा त्याहून जास्त. मग ब्रेकची तार बदलली. मग दांड्याचं बटण काढून त्यातली स्प्रिंग बदलली, मग तीच स्प्रिंग कापून हलकी केली. दर रविवारी काही ना काही नवीन. जन्मभर यंत्रं दुरुस्त केलेला माणूस, कुठे काही अडलं की तो दोष यंत्रातच शोधणार. आम्हा सगळ्यांचंच तसं होतं. वर्कशॉपातले मित्र येऊन गाडीखाली शिरायचे आणि काळे हात घेऊन बाहेर यायचे, त्या गाडीत शोधायचे जिच्यात काही नव्हतं.

मी काय बघत होते? सदऱ्याची बटणं. आधी ते एका हाताने लावत, आता कॉलरचं बटण मला सांगत. चहाचा कप डाव्या हातातून उजव्यात गेला होता. आणि एकदा तेल चोळताना माझा अंगठा त्यांच्या अंगठ्याशेजारी फिरला, तर तिथे जो मांसाचा उंचवटा असतो तो नव्हता. खड्डा होता. त्या खड्ड्याच्या कडेला कातडीखाली काहीतरी आपोआप थरथरत होतं, झोपलेल्या मुलाची पापणी थरथरते तसं. मी उजवा हात पाहिला. तो भरलेला होता. तेल जास्त झालं म्हणून पुसून टाकलं.

गणपतीत गावाला कळलं, पण वेगळ्याच तऱ्हेने. भजनात ढोलकी यांची. आरती झाली, झाकरीच्या नाचाची मंडळी फेर धरून उभी राहिली, पायात घुंगरं, आणि ढोलकीची डावी बाजू मागे राहू लागली. थोडीशीच. पण फेर धरणाऱ्याच्या पायाला ती बरोबर कळते. दोनदा फेर मोडला. तात्या म्हणून मंडळाचे म्हातारे पुढारी होते, ते थांबून म्हणाले, "रघू, डावा कुठा गेला रे?"

"कातडा भिजलाय, तात्या," हे म्हणाले. "हवा ओली हाय."

त्यांनी ढोलकी शेकोटीपाशी नेऊन शेकली. सगळे वाट बघत उभे राहिले. परत सुरू झालं तेव्हा मी फेरातल्या बायकांच्या पायांकडे बघत राहिले, वर बघायची हिंमत झाली नाही. त्या वर्षी झाकरी लवकर आटोपली.

त्यानंतरच्या मंगळवारी पट्टी चार वेळा दहावर पकडली. पाचव्यांदा मी सोडायच्या आधी त्यांनी हात मागे घेतला, टेबलावर उताणा ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसले. आजारी जनावराकडे बघतात तसं. "आज नको," म्हणाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

बुधवारी मी पट्टी धरली, आणि सोडायच्या आधी श्वास आत घेतला.

"किती?"

"सात."

त्यांनी पट्टी स्वतः डोळ्यांजवळ नेली. "सात! बघ गो, तेलानं काम केला!" एवढे हसले की मला त्यांचे मागचे दात दिसले. मीही हसले. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला फार आनंद झाला. गुरुवारी परत श्वास घेतला. शुक्रवारी जरा आधी घेतला, कारण शुक्रवारी हात आणखी मंद होता. असं मी दोन महिने केलं. माहेरच्या वाटेवरची घरं मोजायचं सोडलं आणि त्यांच्या चिमटीकडे बघून माझा श्वास किती आधी सुरू करायचा ते मोजू लागले. दहा वेळा सोडली तर दहा वेळा सात. एवढा एकसारखा हात त्यांचा चांगल्या दिवसांतही नव्हता.

घरात सात आणि रस्त्यावर उशीर, याचा मेळ त्यांनी कसा घातला असेल? तेव्हा मी तो विचार केला नाही. ते म्हणायचे, गास्तोंचं कोपर बदललंय. मी मान हलवायची.

मग तो रविवार. ऊस बहुतेक कापून झाला होता, कूप संपायला आठवडा राहिला असेल. समोर गुडलँड्सचा एक तरुण होता, तिकडच्या कापडाच्या कारखान्यात फिटर, यांना "तोंतों" म्हणणारा, म्हणजे काका. ऊन होतं. डालपुरीवाला आला होता, पोरं बांधावर बसली होती. यांनी जागा झाडली. नाक उचललं गेलं, सूर धरला, मला ऐकू आला, अगदी बरोबर. गास्तोंचं कोपर हललं. मी पाहिलं. कापड पडलं.

पोराची गाडी गेली. आमची जागच्या जागी थरथरली, दोन आचके दिले आणि बंद पडली. अंगठ्याने बटण दाबलंच नाही. कुणीतरी हसलं, कुणीतरी ओरडलं, "आयो, तोंतों झोपले!" मग हळूहळू हसणं थांबलं, कारण हे उतरत नव्हते. मी धावत गेले. हात दांड्यावरच होता, अंगठा बटणावर. ते अंगठ्याकडे बघून त्याला सांगत होते, अगदी हळू, आपल्या माणसाशी बोलावं तसं, "दाब रे. दाब ना." अंगठा नुसता पडून होता. मी माझा अंगठा त्यांच्या अंगठ्यावर ठेवला आणि दाबला. दांडा खाली गेला. गास्तों पलीकडून वाकून बघत होता. त्याने टोपी काढली आणि लोकांना घरी पाठवलं.

पोर्ट लुईला एका मोठ्या डॉक्टरांकडे आम्ही गेलो. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, जीभ बाहेर काढायला लावली, जिभेकडे फार वेळ बघितलं. मग विचारलं, "देपी काँ?" कधीपासून?

हे म्हणाले, "पंधरा दिवस. त्याआधी ठीक होता. सातावर पकडत होतो मी." आणि डॉक्टरांना पट्टीची सगळी हकिकत सांगितली. डॉक्टरांना ती आवडली. मग हे माझ्याकडे वळले. "हिला विचारा. पट्टी हीच सोडते."

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. भिंतीवर पंखा फिरत होता. हो म्हणायचं होतं, एक अक्षर. दगड व्हायला तर मला यांनीच शिकवलं होतं. पण समोर डॉक्टर, हातात लेखणी, आणि मी जे सांगेन त्यावर औषध ठरणार असं मला वाटत होतं. मी म्हटलं, "जूनपासून." मग सगळंच म्हटलं. बटणं, कप, खड्डा, दहा, आणि माझा श्वास. सांगताना मी टेबलाच्या कडेकडे बघत होते. संपलं तेव्हा वर पाहिलं. हे माझ्याकडे बघत नव्हते, रागातही नव्हते. खोलीच्या दाराकडे बघत होते, जणू कुणाची तरी यायची वेळ झाली आहे.

डॉक्टर म्हणाले, मालादी नेर, नसांचा आजार आहे. याला औषध नाही. मी विचारलं, दोन महिने आधी आलो असतो तर? ते म्हणाले, काही फरक पडला नसता, मादाम, मनाला लावून घेऊ नका. ते भले गृहस्थ होते. पण त्यांना काय माहीत. त्या दोन महिन्यांत ढोलकी वाजत होती, वाईट का होईना. लिहिता येत होतं, चालता येत होतं. कळलं असतं तर ते काय काय करणार होते, कुणाकडे जाणार होते, कुणाला काय सांगणार होते, ते मला ठाऊक नाही. कदाचित गाडी विकून मला कुठेतरी घेऊन गेले असते. कदाचित नुसते दारात बसले असते. ते दोन महिने त्यांचे होते आणि मी ते त्यांना न विचारता खर्चून टाकले. दुसऱ्या दिवशी वाटतं, नाही, मी त्यांना दोन महिने सात इंच दिले, दुसरं कोण देऊ शकलं असतं? तिसऱ्या दिवशी परत उलट. दहा वर्षं हेच चाललंय.

बसमधून परत येताना क्यूर्पीपला नेहमीसारखं धुकं होतं. काचेला पाणी. ते म्हणाले, "वरण कर आज, घट्ट." एवढंच.

पुढची अडीच वर्षं मी लिहिणार नाही म्हणत होते. आधी डावा हात गेला, मग उजवा, मग पाय. गाडी त्यांनी गुडलँड्सच्या त्या पोराला देऊन टाकली, आणि तिला कुठल्या सुरावर धरायची ते मी पेटी वाजवून त्याला दाखवलं. तो रडायला लागला तेव्हा हे त्याच्यावर ओरडले, "रडू नको, ऐक!" मोठ्याने बोललेलं त्यांचं शेवटचं वाक्य तेच. नंतर बोलणं जड झालं, मग जिभेतच राहू लागलं, मग थांबलं. शेवटी डोळे उरले. तेवढे मात्र शेवटपर्यंत त्यांचे होते, चपळ, वर्कशॉपातले. एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही. गास्तों रोज दुपारी यायचा, कूस बदलायला मदत करायचा, आणि क्रेओलमध्ये गावच्या बातम्या सांगायचा. बातमी खोटी वाटली की हे दोनदा डोळे मिटायचे.

एका सकाळी मी त्यांची दाढी करत होते. बाहेर कूपाचे ट्रॅक्टर चालले होते. मला एकाएकी वाटलं, आज विचारावं. वस्तरा खाली ठेवला.

"अहो, मी श्वास घ्यायची, ते तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं?"

डोळे मिटले. एकदा. वाट बघावीही लागली नाही.

"पहिल्या दिवसापासून?"

एकदा.

म्हणजे तो हसण्याचा दिवस, ते मागचे दात, तेलानं काम केला म्हणून ओरडणं, ते सगळं. म्हणजे डॉक्टरांसमोर "हिला विचारा" म्हणाले तेसुद्धा. नशिबाने आलेला अर्धा इंच परत करणारा माणूस दोन महिने माझ्याकडून खोटे सात घेत राहिला.

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं.

ते बघत राहिले. डोळे उघडे, माझ्यावर. पापणी हलली नाही. मग मला कळलं की या प्रश्नाला हो नाही आणि नाहीही नाही. तो वळवून विचारायला हवा होता. माझ्यासाठी का? मला बरं वाटावं म्हणून तुम्ही पकडत होतात का? एवढंच. शब्द तोंडात तयार होते. तेवढ्यात त्यांना ठसका लागला, मी त्यांना उठवून बसवलं, गालावरचा साबण वाळून गेला होता, तो पुसला.

त्यानंतर ते नऊ दिवस होते. नऊ दिवस मी विचारू शकले असते. एकदा मिटले असते तरी मला सोसवलं नसतं, आणि दोनदा मिटले असते तरीही. मग मी बाकीचं विचारत राहिले. पेज अजून पातळ करू का. गोधडी घालू का. उशी उंच होते का. पाठ दुखते का. गास्तोंला बोलावू का. त्या सगळ्याची त्यांनी उत्तरं दिली.